अकरा कमी

गोळ्या मोजायचं काम माझ्याकडे होतं.
डबी उलटी करायची, निळ्या ताटलीत
बोटाने दोन-दोन सरकवायच्या,
आकडा लिहायचा, सही ठोकायची.
आत काय आहे ते मला ठाऊक नसायचं,
डॉक्टरांनाही नाही.
ठाऊक असलेला कागद खाली ऑस्लोत,
कुणाच्या तरी कपाटात, कुलपात.

माशाचं तेल, नाहीतर मक्याचं.
रोज सहा, जेवणासोबत, सहा महिने.
फुगा घालून उघडलेली धमनी
पुन्हा आवळते का, एवढंच पाहायचं होतं.
स्टेंट अजून आमच्यापर्यंत पोचले नव्हते.
उघडायचं, आणि वाट बघायची.

आर्नफिन सेन्या बेटावरून ट्रोम्सोला यायचा.
आधी बस, मग बोट, मग बर्फातला चढ.
चढ झेपतो का विचारलं, तर म्हणायचा,
"चढायला पाय लागतात, सिस्टर."
एकोणतीस हिवाळे त्याने कॉडची काळजं उकळली होती,
वाफेच्या पिंपांशी, उजाडतच नाही अशा महिन्यांत.
त्याच्या कोटाला अजून तो वास होता.
लिफ्टमध्ये लोक जरा सरकून उभे राहायचे.

दुसऱ्या खेपेला, मी काही विचारलेलं नसताना,
"एक फोडून चाखली," म्हणाला.
माझं पेन थांबलं.
"सांगू नका."
"नाही सांगत," म्हणाला, आणि सांगितलंच:
"मासा आहे. पण आपला नाही.
ऊन खाल्लेला आहे, कुठल्यातरी कोमट पाण्यातला.
आणि काळजाचं तेल नाही हे,
अख्खा मासा दाबलाय."
मी खिडकीबाहेर पाहिलं. दुपारचे दोन,
आणि रस्त्यावर दिवे.
मी काहीच ऐकलेलं नव्हतं.

शेवटच्या डबीत चौदा उरायला हव्या होत्या.
ताटलीत तीन.
मी पुन्हा मोजल्या, तीन मोजायला
जितका वेळ लागू नये तितका वेळ लावून.

"होडीघराची बिजागरी," तो म्हणाला.
"वारा सुटला की किंचाळते. ओडनीला झोप नाही.
टाचणीने टोचून अकरा पिळल्या तिच्यावर."
"माशाचं तेल? बिजागरीला?"
"आधी सरकते, मग चिकटते.
आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं."
"मग कशाला?"
"म्हटलं बघावं,
हे उन्हातलं तेल तरी वेगळं वागतं का."
टोपीची कड तो बोटांनी फिरवत राहिला.
मी विचारायला नको होतं. विचारलं.
"तीन आठवडे लोण्यासारखी.
आता खांदा लावावा लागतो."

त्याच दुपारी त्याला टेबलावर घेतलं.
पडद्यावर काळी नदी उतरली,
आणि जिथे मागे फुगा फुगवला होता
नेमकं तिथेच दोऱ्याने करकचल्यासारखी बारीक झाली.
तो पडद्याकडे बघत होता, मी त्याच्याकडे.
खांद्याचं कुणीच काही बोललं नाही.

डॉक्टरांना पुढे कधीतरी मी ते सांगितलं.
हसले. काळीज म्हणजे बिजागरी नव्हे, म्हणाले,
आणि एका माणसावरून काही ठरत नाही.
खरंच होतं ते. दोन्हीही.

वसंतात ऑस्लोचं कुलूप उघडलं.
तेलवाले आणि मकेवाले, दोघांचे आकडे
शेजारी शेजारी, एका आईच्या पोरांसारखे.
कुणाच्या धमनीला काही कळलेलं नव्हतं
कुठल्या समुद्रातून काय आलं ते.
मी बोट खाली नेत नेत त्याचा नंबर शोधला.
मासा.
जीभ बरोबर होती.

फोन ओडनीने घेतला.
दुसरा फुगा टिकलाय म्हणे, जिने चढतो, शिव्या देतो.
आत्ता होडीघरात आहे,
रॉकेलचा बोळा घेऊन बिजागरी घासतोय.
"बोलावू का?"
नको म्हटलं. घासू दे.

त्या अकरांपुढे फॉर्मवर मी लिहिलं होतं:
हरवल्या.
अख्ख्या अभ्यासात माझ्या हातचं
तेवढं एक खोटं.